पुढची घ्या, साहेब

मुंबई-आग्रा महामार्गालगतचं उमराणे नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात येतं. तिथल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना कुणाच्याच तोंडाला विश्रांती नसते. व्यापारी बोलत असतात, हमाल ओरडत असतात, ट्रॅक्टरवाले एकमेकांना मागेपुढे घ्यायला सांगत असतात. या गलबल्यात सगळ्यात कमी बोलतो तो भाव. किमान, कमाल, सरासरी. क्विंटलमागे रुपये. बस्स. एवढे तीन आकडे वाचले की ट्रॉली भरून आलेल्या शेतकऱ्याला आपला माल कुठं बसणार याचा अंदाज येतो, आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढली असती तर बरं झालं असतं हेही त्याच क्षणी कळतं. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

हाच शेतकरी एखाद्या प्रशिक्षणाला बसलेला पाहावा. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांत, कांदा आणि डाळिंबावरच्या कार्यशाळांना तोटा नाही. जागा बहुधा मंगल कार्यालय किंवा समाजमंदिर. सत्कार, नारळ, प्रास्ताविक झालं की प्रोजेक्टर चालू होतो आणि भिंतीवर एक आयत उजळतो. वर मथळा असतो, ‘कांदा पिकाचे काढणीपश्चात व्यवस्थापन’. खाली बारीक अक्षरांत चौदा-पंधरा ओळी. कोपऱ्यात दोन-तीन बोधचिन्हं, तळाला गुलाबाचं फूल. वक्ते भिंतीकडे तोंड करून पहिली ओळ वाचू लागतात. पुढच्या दोन रांगा ऐकतात. मागून कुणीतरी अहिराणीत विचारतं, “साहेब, तठे काय लिखेल शे?” साहेब तीच ओळ मोठ्यानं पुन्हा वाचतात. आणखी थोड्या वेळानं, अगदी अदबीनं, आवाज येतो, “पुढची घ्या, साहेब.”

या अदबीमागचा कंटाळा साहेबांना कळत नाही असं नाही. पण त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी. ही पीपीटी त्यांनी बहुधा आदल्या रात्री, दुसऱ्या कुणाच्या तरी पीपीटीवरून बेतलेली असते. आणि तिच्याकडून एकाच वेळी तीन कामं हवी असतात. एक, बोलताना काही विसरू नये म्हणून ती वक्त्याची टिपणवही असते. दोन, कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून ती अहवालाबरोबर वर जाते, तेव्हा तिच्यात ‘सगळं’ असावं लागतं. तीन, समोर बसलेल्या माणसांना काहीतरी दिसावं हेही तिच्याकडूनच अपेक्षित असतं. पहिली दोन कामं चोख होतात. तिसऱ्याला जागाच उरत नाही. देवळ्यातली स्लाइड वाईट असते ती वक्त्याला चित्र काढता येत नाही म्हणून नव्हे. ती टिपणवहीचं आणि फायलीचं ओझं वाहत असते म्हणून.

कांदा चाळीचीच स्लाइड घ्या. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत पाच-सहा महिने ठेवायचा असतो. त्या काळात वजनातली घट, सड आणि कोंब यांत मालाचा मोठा हिस्सा जातो. चाळ चुकीची असेल तर फारच. त्यामुळे विषय महत्त्वाचाच आहे. नेहमीच्या स्लाइडवर तो असा येतो: तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असावे, सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, हवा खेळती असावी, तळाशी मोकळी जागा असावी, एक पाखी चाळ दक्षिणोत्तर व दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, कांद्याचा थर दीड मीटरपेक्षा उंच नसावा, पाखीची रुंदी १.२ मीटर असावी, काढणीनंतर कांदा सुकवून, पात कापताना मान ठेवून, प्रतवारी करून मगच भरावा... प्रत्येक ओळ बरोबर आहे. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘असावे’ आहे, त्यामुळे कुठलीच ओळ दुसरीपेक्षा महत्त्वाची वाटत नाही.

आता ‘असावे’ सगळे पुसून टाकावेत आणि भिंतीवर फक्त एक चित्र ठेवावं: चाळ आडवी कापली तर कशी दिसेल ते. जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेला तळ, तळाला फटी, त्यांतून वर जाणारे हवेचे दोन-चार बाण, आणि कांद्याचा ढीग. ढिगाच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘५ फूट’, खाली ‘४ फूट’. मथळ्याच्या जागी ‘पाच फुटांवर थर गेला की खालचा कांदा दबतो’. एवढंच. तापमान, आर्द्रता, दिशा हे तोंडानं सांगता येतं, आणि जे जसंच्या तसं लक्षात राहायला हवं ते जाताना हातात द्यायच्या कागदावर. मग समोरचा माणूस आपली चाळ आठवू लागतो. आपला थर किती होता, मधल्या बोळात हवा शिरते का, की तिथं आपण गोण्या रचून ठेवल्यात. प्रश्न तिथूनच सुरू होतात, आणि कार्यशाळेत प्रश्न सुरू झाले की बाकीचं फारसं कठीण नसतं.

मीटर आणि हेक्टर हा स्वतंत्र रोग आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी किलोत येतात, ते योग्यच, कारण शास्त्राला एक माप लागतं. पण देवळ्यात कुणी हेक्टरात विचार करत नाही. एकर, गुंठा, क्विंटल, ट्रॉली ही तिथली मापं. हेक्टरमध्ये १०० गुंठे, एकरात ४०. तेव्हा हेक्टरी १०० किलोचा डोस म्हणजे एकरी ४० किलो. हा भागाकार ज्यानं स्लाइड केली त्यानं आदल्या रात्री एकदा करायचा, की समोर बसलेल्या सगळ्यांनी मनातल्या मनात करत बसायचं? गंमत अशी की हिशेब करण्यात माणूस गुंतला की तेवढ्या वेळात वक्त्यानं सांगितलेली पुढची दोन वाक्यं हमखास निसटतात.

मथळ्याचं मात्र जरा थांबून पाहायला हवं. ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘रोग व कीड’, ‘निष्कर्ष’ हे मथळे नव्हेत, ही अनुक्रमणिका आहे. मराठी वर्तमानपत्रानं शंभर-दीडशे वर्षांत वाचकाला जी सवय लावली ती वेगळी आहे. सकाळच्या अंकात ‘कांदा लिलाव’ असा मथळा कुणी देणार नाही. ‘कांदा लिलाव बेमुदत बंद’ असा देईल. वाचकानं पुढचं नाही वाचलं तरी बातमी पोहोचलेली असते. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात शास्त्रीय लेखन शिकवणारे मायकेल अ‍ॅली वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: स्लाइडच्या डोक्यावर विषयाचं नाव नको, पूर्ण वाक्यातलं विधान हवं, आणि खाली ओळींची जंत्री नको, त्या विधानाचा दिसणारा पुरावा हवा. ‘करपा रोग’ असं लिहिण्यापेक्षा ‘धुकं पडलं की करपा वाढतो’ असं लिहिलं, आणि खाली पातीवरच्या डागाचा एक मोठा, स्वच्छ फोटो ठेवला, तर वक्त्याचा आवाज मागे पोहोचला नाही तरी काम होतं.

मथळा चुकला तर काय होतं याचं सगळ्यात गंभीर उदाहरण अवकाशातलं आहे, आणि त्यातलं एक नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान झेपावलं तेव्हा दीडेक मिनिटाच्या आत इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना अभियंत्यांनी या धक्क्याचा अभ्यास केला आणि तो नासाच्या व्यवस्थापकांपुढे स्लाइडमधून मांडला. एडवर्ड टफ्टी या माहिती-मांडणीच्या अभ्यासकानं पुढे त्यातली एकच स्लाइड घेऊन तिची ओळ न् ओळ उलगडली. मथळ्याचा सूर आश्वासक होता: चाचण्यांची आकडेवारी सावधगिरीच्या बाजूनं आहे. त्याखाली ओळी, ओळींखाली उपओळी, त्यांखाली आणखी बारीक उपओळी. आणि अगदी तळाशी, सगळ्यात लहान अक्षरांच्या घोळक्यात, खरी गोष्ट: चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या ते ३ घन इंचांचे होते आणि पंखावर आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. याचा साधा अर्थ असा की हाताशी असलेल्या चाचण्या या धक्क्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हत्या. व्यवस्थापकांपर्यंत पोहोचला तो मथळा. १ फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

यान स्लाइडमुळे कोसळलं असं म्हणणं अर्थातच खोटं होईल. ते पंखाला पडलेल्या भगदाडामुळे कोसळलं. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानं टफ्टींच्या विश्लेषणाची दखल घेतली आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरायच्या नासातल्या सवयीवर बोट ठेवलं. जे वाचण्यासाठी लिहायचं ते पडद्यावर टाकलं, आणि पडद्यावर जे ठळक दिसायला हवं होतं ते तळाला गेलं. देवळ्याच्या समाजमंदिरात पणाला एवढं काही लागलेलं नसतं. चूक मात्र त्याच घराण्यातली.

तक्त्यांचीही हीच कथा. कांद्याच्या भावावर बोलायचं म्हटलं की पाच वर्षांचा तक्ता निघतो: बारा महिने, पाच वर्षं, प्रत्येक घरात किमान, कमाल, सरासरी. म्हणजे १८० आकडे. उमराण्यात तीन आकड्यांत काम भागतं त्याचं कारण तिथं प्रश्न एकच असतो, आजचा. भिंतीवरच्या १८० आकड्यांना प्रश्नच विचारलेला नसतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एक प्रश्न पक्का असतो: चाळीतला कांदा धरायचा की काढायचा? त्याला उत्तर द्यायचं तर आडव्या बाजूला महिने, उभ्या बाजूला रुपये, आणि सरासरी भावाची एकच रेघ पुरते. पण ती रेघ मुकी नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. त्या सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढलं गेलं. या तारखा रेघेवर जागच्या जागी लिहिल्या की आलेख बोलू लागतो. बाजूला रंगीत चौकोन आणि ‘मालिका १, मालिका २’ अशी यादी दिली तर तो पुन्हा मुका. संगणक ती यादी आपणहून देतो. ती काढून टाकायला दोन सेकंद लागतात; ते दोन सेकंद कुणी देत नाही, एवढंच.

आता अक्षरांबद्दल. स्लाइडवरच्या सल्ल्याची बहुतेक पुस्तकं रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि मराठीचे प्रश्न तिथं भेटतच नाहीत. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. इंग्रजीच्या बेतानं आखलेल्या दोन ओळींच्या मधल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकतो. अंतर थोडं वाढवलं की हे सुटतं, पण मग पंधरा ओळी मावत नाहीत. हा तोटा नव्हे, फायदाच. दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. घरच्या संगणकावर एखाद्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली सुबक मराठी पेनड्राइव्हवरून सभागृहातल्या लॅपटॉपवर आली की तिचं इंग्रजी अक्षरांचं गबाळ होतं, आणि वक्ता हातवारे करत “इथं मुळात असं होतं” म्हणत वेळ मारून नेतो. युनिकोड आल्यापासून याला निमित्त उरलेलं नाही. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट तर र. कृ. जोशींनी घडवलेला. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. त्यांचं अक्षर सरकारी कचेऱ्यांतल्या लक्षावधी पत्रांवर रोज उमटतं, आणि ते उमटवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत असेल. कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर मंगल चांगला वाचता येतो. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर, दिवसाउजेडी, त्याच्या बारीक रेघा विरतात. तिथं ‘मुक्त’सारखा जाड वजनं असलेला फॉन्ट बरा, तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला आहे आणि फुकट मिळतो.

उजेडाचंही एक गणित आहे, आणि ते स्लाइड करणाऱ्याच्या ध्यानातच नसतं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जिथं काळं हवं तिथं काही टाकत नाही, एवढंच. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा वाजता, पडदे नसलेल्या खिडक्यांसमोर, त्या ‘काळ्या’चा रंग भिंतीचाच असतो. म्हणून रात्री घरी झोकदार दिसलेली गडद निळी स्लाइड कार्यक्रमात राखाडी होते, आणि तिच्यावरची लाल अक्षरं तर संपतातच. अशा जागी पांढरी पाटी, गडद अक्षर, दुसरं काही चालत नाही. अक्षर किती मोठं हवं याची परीक्षाही घरीच होऊ शकते. सहा फूट रुंद पडदा आणि अठ्ठेचाळीस फुटांवर शेवटची रांग असेल, तर अंतर पडद्याच्या आठपट झालं. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा साधारण सव्वा फूट रुंद धरला तरी त्याच्या आठपट म्हणजे दहाएक फूट. लॅपटॉप टेबलावर ठेवून दहा फूट मागं जावं आणि वाचून पाहावं. जे वाचता येत नाही ते खोडावं. या परीक्षेत नापास होणाऱ्या स्लाइड इतक्या असतात की कार्यक्रम निम्म्या वेळात आटपेल.

हे सगळं बाहेरून शिकायला हवं असंही नाही. चित्र दाखवून बोलायची विद्या मराठी मुलुखात जुनी आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चित्रकथी सादर करत आले. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची हातानं रंगवलेली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. कथेकरी वीणा आणि हुडुक्याच्या साथीनं गात-सांगत एकेक चित्र पुढे करतो. कथा चित्रावर लिहिलेली नसते. ती त्याच्या तोंडी असते. चित्र दाखवतं ते धनुष्य, तो रथ, त्या माणसाची नजर. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवू लागले तेव्हा काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडानं पडद्यावर पडत आणि निवेदन माणूस करी. आजच्या पॉवरपॉइंटचा पहिला अवतार बाजारात आला तो १९८७ मध्ये, मॅकिंटॉशसाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. काचेची ती चित्रं त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी कल्याणात झळकत होती.

आणि नाशिक जिल्ह्याच्या नावावर तर याहून सरस एक सादरीकरण जमा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले तेव्हा चित्रपट काढायला पैसा नव्हता. हिंदुस्थानात असलं काही बनू शकतं यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसणार कसा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. महिनाभराच्या कष्टांतून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट निघाला: मातीतून कोंब वर येतो, वाढतो, वेल होतो. ‘अंकुराची वाढ’. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल दिलं आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. व्याज, तारण, परतफेड यावर बोलणं झालंच असेल. पण जे पटवायचं होतं ते पडद्यावर होतं, आणि बाकी सगळं पडद्याबाहेर. शेतकऱ्यांपुढे बोलणाऱ्या कुणालाही याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही: पडद्यावर चक्क पीक वाढताना दिसत होतं.

अलीकडे एक नवीच पंचाईत झाली आहे. कार्यशाळा संपली की पहिली मागणी असते, “साहेब, पीपीटी ग्रुपवर टाका.” ती पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि सहा फुटांच्या भिंतीसाठी केलेली स्लाइड सहा इंचांच्या फोनवर उघडते. ज्यानं पडद्यासाठी फक्त चाळीचं चित्र आणि दोन आकडे ठेवले, त्याच्या स्लाइडचा चार दिवसांनी फोनवर अर्थ लागत नाही, कारण बोलणं तिथं नाही. ज्यानं पंधरा ओळी भरल्या, त्याच्या ओळी बोटांनी मोठ्या करून वाचता तरी येतात. म्हणजे सभागृहात हरलेली स्लाइड फोनवर जिंकते, हे कबूल करायला हवं. यावर तोडगा आहे, पण त्याला एक जास्तीचा तास लागतो: भिंतीसाठी चित्रं वेगळी, आणि ग्रुपसाठी दोन पानांचं टिपण वेगळं, सरळ मराठीत, एकरी हिशेबात, उभ्या फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या, पीक पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि बैठका यांत अडकलेल्या माणसाकडे हा तास कुठून येणार, हा प्रश्न खराच आहे. पण तो तास एकदाच लागतो. चाळीची मापं पुढच्या उन्हाळ्यातही पाच फूट आणि चार फूटच राहणार असतात, आणि एकदा नीट केलेली फाईल देवळ्याहून सटाण्याला, सटाण्याहून कळवणला जायला पेनड्राइव्हसुद्धा लागत नाही.